थोरल्या मामंजींचा फेरा

आमचे थोरले मामंजी कशाकशाला भ्यायचे हे सांगायला बसले तर दिवस पुरायचा नाही. विंचवाला भ्यायचे, विजेला भ्यायचे, दारात आलेल्या अनोळखी माणसाला भ्यायचे. निजामाच्या जवानाला तर सगळेच भ्यायचे, हे त्या जवानाच्या घोड्यालाही भ्यायचे, आणि घोडा चावडीपुढं नुसता बांधून ठेवलेला असला तरी दुसऱ्या गल्लीतून जायचे. पायताण घालण्याआधी उलटं करून झटकायचे, आत फुंकायचे, पुन्हा झटकायचे आणि एवढं करून पाय घालताना डोळे मिटून घ्यायचे. मी नवी नवरी होऊन त्या घरात आले तेव्हा पहिल्या आठवड्यात मला वाटलं, हे गृहस्थ एवढ्या वयापर्यंत जगले तरी कसे.

त्यांचं नाव मी सांगणार नाही. सुनेनं घ्यायचं नसतं म्हणून तेव्हा घेतलं नाही, आणि आता घ्यायला गेले तर कुणा परक्याविषयी बोलते आहे असं वाटेल. माझ्या सासऱ्यांचे ते थोरले भाऊ. सासरे लवकर गेले होते, त्यामुळं घरात सासूबाई, माझे यजमान, मी आणि हे. गाव त्यांना आबा म्हणायचं. तोंडावर आबा आणि पाठीमागं भित्रा आबा.

ते घरात झोपायचे नाहीत. गोठ्यात हौशा नावाच्या बैलाशेजारी बाज टाकायचे आणि हौशाचा कासरा स्वतःच्या मनगटाला बांधून घ्यायचे. संकट आलं की माणसाच्या आधी जनावराला कळतं, हौशा दचकला की मी जागा होईन, असा त्यांचा हिशेब. त्यापायी अंगावर माशी बसून हौशानं मान हलवली तरी आमचे मामंजी बाजेवर उठून बसायचे. आणखी एक गोष्ट म्हणजे पाणी. आडाचं पाणी ते तसं कधीच प्यायले नाहीत. कधी काळी तालुक्याहून लस टोचायला आलेल्या एका माणसानं त्यांना सांगितलं होतं की पाणी उकळून प्यावं, तेव्हापासून परसात तीन दगडांवर त्यांचं काळंकुट्ट मडकं रोज चढायचं. बायका आडावर मला विचारायच्या, "काय गं, तुझ्या मामंजीचं पाणी शिजलं का? मीठमसाला बराबर झाला का?" मी पदराआड हसायचे. सोळा वर्षांच्या पोरीला हसायला काहीतरी लागतंच.

आणि मग त्यांचा तो फेरा.

आमचं गाव बेंबळीच्या पुढं, एका सुट्या डोंगराच्या पायथ्याशी. बालाघाटाची रांग तिथून थोडी लांब पडते, आणि हा डोंगर कळपातून चुकलेल्या म्हशीसारखा एकटाच बसलेला. त्याच्याभोवती तीन गावं. एक आमचं. एक खिंडीपलीकडचं, ते माझं माहेर. आणि तिसरं ओढ्याकाठचं. डोंगराच्या कमरेवरून एक पायवाट गोल फिरते. वेशीबाहेरच्या चिंचेपासून निघायचं, चढ चढून खिंडीत यायचं, तिथं आमची आणि माहेरची शीव, शिवेचा शेंदूर लावलेला दगड. तिथून डोंगराच्या पाठीमागून जायचं, ओढ्याकाठच्या गावाच्या वरच्या अंगानं वळायचं आणि तळ्याजवळून पुन्हा आमच्या चिंचेपाशी. दिवस कलला की मामंजी निघायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. उन्हाळा असो, पाऊस असो, अंगात ताप असो. हातात काठी, काठीला हौशाच्या गळ्यातली जुनी घुंगरं बांधलेली, म्हणजे सापकिरडू आधीच बाजूला व्हावं. त्या घुंगरांचा आवाज चिंचेकडून आला की सासूबाई तव्यावर भाकरी टाकायच्या.

पारावरची माणसं रोज विचारायची, "काय आबा, डोंगर हाय का जाग्यावर?"

मामंजी चेष्टा म्हणून घ्यायचेच नाहीत. थांबायचे, मागं वळून डोंगराकडं बघायचे आणि सांगायचे, "हाय. सगळं हाय तिथंच हाय."

घरी आले की हेच वाक्य ते हौशाला सांगायचे. त्यानंतरचं जे बोलायचे ते माझ्यासाठी असायचं. सासऱ्यानं किंवा चुलत सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती, आणि रीत मोडायची म्हणजे तर त्यांना घामच फुटला असता. म्हणून बैलाच्या मानेवर हात फिरवत, माझ्याकडं पाठ करून ते म्हणायचे, "हौशा, तिच्या आईनं आज कुरडया घातल्यात रं. अंगणभर पांढरं दिसायलंय." कधी म्हणायचे, "हौशा, तिचा धाकटा लिंबावर चढला व्हता. उतरला बरं का, उतरल्याबिगर म्या हाललो न्हाय." खिंडीतून माझं माहेर अगदी खाली दिसतं, आमच्या अंगणातला लिंब, दावणीची गाय, सगळं. वडील नव्हते. आई आणि लहान भाऊ, एवढंच माहेर. मी दाराआड उभी राहून ते शब्द पिऊन घ्यायचे आणि मग चुलीपाशी जाऊन बसायचे. माझ्या यजमानांना ह्यातलं काही कळायचं नाही. त्यांना वाटायचं, आबांना बैलाशी बोलायचं वेड आहे.

एकदा भावाला ताप असल्याची खबर कुणीतरी आणली. मला राहवेना. संध्याकाळी मी गोठ्यात गेले, मामंजी पायताण झटकत होते, मी हौशाला पेंड घातली आणि हौशालाच म्हणाले, "धाकट्याचा ताप उतरला का न्हाय, कळलं आसतं तर बरं झालं आसतं." त्या दिवशी मामंजी दिवेलागणीला आले नाहीत. चांगला अंधार पडल्यावर घुंगरं वाजली. वाट सोडून, परक्या गावात शिरून, तिथल्या कुत्र्यांना तोंड देत ते आमच्या दारापर्यंत जाऊन आले होते. धोतराचा सोगा फाटला होता आणि अंगाला कापरं भरलं होतं. "हौशा," ते म्हणाले, "ताप न्हाय. पेज पिऊन निजलाय. पर ती कुत्री लई वंगाळ हायेत."

तेव्हापासून मी आडावर हसायचं सोडून दिलं.

हा फेरा कशासाठी, ते मला सासूबाईंनी सांगितलं. आमच्याकडं तेव्हा पटकी यायची. वांत्या, जुलाब, सकाळी धडधाकट असलेलं माणूस दिवस मावळायच्या आत जायचं. कुणी त्या रोगाचं नाव घेत नसे, 'आई निघाली' एवढंच म्हणायचे. मरीआईची लाकडी मूर्ती एका छोट्या गाड्यात बसवायची, तिची ओटी भरायची आणि वाजतगाजत गाडा पुढच्या गावाच्या शिवेपलीकडं नेऊन सोडायचा. म्हणजे आई आपलं गाव सोडून पुढं जाते. पुढचं गाव मग त्याच्या पुढच्या शिवेवर नेऊन सोडतं.

"तवा गाडा थोरल्यांनीच वढला व्हता," सासूबाई म्हणाल्या. ज्वारी निवडत होत्या, मान वर केली नाही. "दांडगा गडी व्हता, मिशीला पीळ देत दोर धरला. तुझ्या माहेराकडं नेऊन सोडला. त्यांनी वढ्याकडच्या गावाला सोडला. आन् वढ्याकडच्यांनी कुठं सोडावा? डोंगर गोल हाय बाई. फिरून आमच्याच शिवंत. थोरल्यांची बायकू गेली, दोन लेकरं गेली. तवापासून हे असं."

म्हणून ते रोज फिरत होते. डोंगराच्या पाठीमागं गाडा येऊन उभा नाही ना, एवढंच बघायला.

त्या वर्षी मृग तोंडावर आला होता आणि आडात तळाचं गढूळ पाणी उरलं होतं. मला दिवस गेले होते, तिसरा महिना. बेंबळीच्या बाजाराहून आलेली माणसं हळू आवाजात बोलायला लागली. मग एका सकाळी ओढ्याकाठच्या गावाकडून हलगी ऐकू आली. लग्नसराई संपलेली होती, त्यामुळं ती कसली हलगी हे कुणाला विचारावं लागलं नाही. आमच्या गावच्या पोरांनी काठ्या घेतल्या आणि तळ्याकडच्या शिवेवर पहारा धरला. पारावर कुणी बसेना. लोक एकमेकांच्या घरचं पाणी पिईनात. पोटात नुसती कळ आली तरी माणूस घाबरून बायकोच्या तोंडाकडं बघायचा, आणि बायको दुसरीकडं बघायची.

मामंजींनी फेरा सोडला नाही. उलट दुपारीच निघायला लागले.

एका दुपारी मी परसात भांडी घासत होते आणि वळून बघते तर ते गोठ्याच्या दारात उभे. घुंगरं वाजली नव्हती. काठीचं वरचं टोक त्यांनी मुठीत घट्ट आवळून धरलं होतं, आवाज होऊ नये म्हणून. हौशापाशी गेले, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि काहीच बोलले नाहीत. माझे यजमान धावत आले, म्हणाले, "आबा, काय झालं?"

"आली," मामंजी म्हणाले.

पहारा तळ्यापाशी होता आणि ओढ्याकडच्यांनी वरच्या अंगानं, डोंगराच्या पाठीमागून गाडा आमच्या हद्दीत आणून सोडला होता. संध्याकाळच्या आत चावडीपुढं गाव जमलं. पुढं काय करायचं ह्यावर बोलणं झालंच नाही. खिंडीतून पलीकडं. माझ्या माहेरी.

पाटील मामंजींना म्हणाले, "आबा, ज्याच्या नजरंला आधी पडली त्यानंच दोर धरायचा. म्या सांगंना, रीत सांगायली."

"दुसरं कुणी धरा की," मामंजी म्हणाले. हात जोडले होते त्यांनी. "म्या एकदा धरलाय."

"म्हणूनच तर. आईला तुमची वळख हाय."

रात्रभर मी यजमानांच्या मागं लागले. तिकडं आई आहे, भाऊ आहे, काहीतरी करा. ते चिडले, आणि चिडले ते भीतीनंच. म्हणाले, "मंग काय इथं ठिवायचा? तुझ्या पोटात काय हाय ते इसरलीस का?" विसरले नव्हते. तेच तर होतं. पोटातल्या जिवासाठी गाडा जायला हवा होता आणि आईसाठी जायला नको होता, आणि ह्या दोन्ही गोष्टी माझ्या एकटीच्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी डोंगराच्या पायथ्याला बायकांनी ओटी भरली. मी तिला पहिल्यांदा बघितलं. एवढीशी लाकडी बाहुली, शेंदरानं माखलेली, चांदीचे डोळे लावलेले. गुडघ्याएवढा गाडा, चारही बाजूंनी कडुलिंबाचे डहाळे, लिंबं, आणि तिच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. त्या ओढ्याकाठच्या बायकांनी घातलेल्या. त्यांनीही घालताना तेच मागितलं असणार जे आम्ही मागत होतो, इथून जा. माझी पाळी आली तेव्हा बांगडी माझ्या बोटातून सुटून पडली. सासूबाईंनी ती उचलून घातली आणि मला मागं ओढलं. पाटलांनी सांगितलं, "गाड्याचं तोंड खिंडीकडं करा. तोंड जिकडं, आई तिकडं जाती."

मामंजींनी दोर धरला. चेहरा राखेसारखा झाला होता. हलगी वाजायला लागली आणि पुरुष मंडळी चढावाला लागली. बायकांनी घरी जाऊन दारं लावून बसायचं, पुरुष परत येईपर्यंत उघडायची नाहीत. शिवेवर पोचल्यावर सगळ्यांनी पाठ फिरवायची आणि मागं न बघता गावाकडं चालायला लागायचं. जो मागं बघेल त्याच्या पाठोपाठ आई येते. शेवटी एकटा दोर धरणारा राहतो, तो गाडा पलीकडं सोडतो आणि तोही मागं न बघता येतो. रीत अशी.

मी दार लावलं. सासूबाई देवापुढं डोळे मिटून बसल्या. मी शिडीनं माळवदावर, घराच्या सपाट धाब्यावर गेले. का गेले ते सांगता येणार नाही, आईचं घर तिथून दिसत नव्हतंच. मधे डोंगर. पण खिंड दिसायची.

माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. खिंडीत थोडा वेळ थांबली, मग हलगी थांबली आणि सगळी वळून खाली उतरायला लागली, माना खाली घालून, जवळजवळ पळत. खिंडीत एकच लाल पटका राहिला. तो किती तरी वेळ हलला नाही. मला वाटलं, आता ढकलतील, आता ढकलतील, आणि मी पदराचा बोळा तोंडात घातला. मग तो पटका खाली वाकला. वर आला तेव्हा गाडा डोक्यावर होता. आणि माझे भित्रे मामंजी, बांधलेल्या घोड्याला भिणारे, मरीआईला डोक्यावर घेऊन शेळ्यांच्या वाटेनं डोंगराच्या माथ्याकडं चढायला लागले. तिकडं कुणाची वस्ती नाही, माथ्याच्या वाटेला कुणी जात नाही. खाली उतरणाऱ्यांतल्या एकानंही मागं वळून बघितलं नाही.

दिवेलागणीनंतर घुंगरं वाजली. पाटील वेशीतच थांबले होते. "शिवेपल्याड लावला?"

"लावला."

गोठ्यात आल्यावर हौशाला म्हणाले, "सगळं हाय तिथंच हाय."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. मरीआई आमच्याच शिवेत होती, आमच्या डोक्यावर बसलेली होती, आणि हे त्यांच्याशिवाय मला एकटीला ठाऊक होतं. सांगितलं तर लोक मामंजींची हाडं मोडतील आणि गाडा उद्याच माहेरी जाईल. नाही सांगितलं तर माझ्या पोटातल्या लेकराचं काय होईल? रोज संध्याकाळी मामंजी फेऱ्याला जायचे आणि परतायला उशीर व्हायचा. मग तेल्याची म्हातारी गेली. दोन दिवसांनी वेशीजवळच्या घरातली एक लहान पोर गेली, परकर घालून आडावर यायची ती. तिच्या आईचं रडणं मला चुलीपाशी ऐकू येत होतं आणि मी फुंकणी हातात धरून तशीच बसले होते.

आणि मग एका सकाळी मामंजी बाजेवरून उठले नाहीत. हौशा कासरा ओढून ओढून हंबरत होता.

दोर धरणाऱ्याच्याच घरात आई आली म्हटल्यावर गावाला संशय आला. पाटील आले, मागं दहापाच माणसं. आत कुणी येईना. पाटलांनी उपरण्यानं नाक झाकलं आणि गोठ्याच्या उंबऱ्याबाहेरून विचारलं, "आबा, खरं सांगा. गाडा शिवेपल्याड गेला का न्हाय?"

मामंजींचे डोळे खोल गेले होते, आवाज फुटत नव्हता. त्यांनी नुसती मान हलवली.

"मानंचं चालंना. शपथ घ्या." पाटलांनी हळदीची पुडी आत फेकली. "आईची हळद हाय ही. हातात घिऊन सांगा."

मी दाराआड होते. खोटी शपथ घेणं म्हणजे काय हे त्या काळी आमच्यासारख्यांना सांगावं लागत नसे. आणि मरीआईची, तीही मरणाच्या दारात असताना. जो माणूस मांजर आडवं गेलं तर घरी परतायचा, त्याच्या हातात ती पुडी होती. मला काय हवं होतं ते सांगायला आजही जीभ वळत नाही. त्यांनी खोटं बोलावं, एवढंच मला हवं होतं.

त्यांनी पुडी उघडली. अर्धी हळद गोधडीवर सांडली. उरलेली कपाळाला लावली आणि स्पष्ट, सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाले, "शिवेपल्याड लावला. म्या माझ्या हातानं."

पाटलांनी लांबूनच हात जोडले. माणसं गेली. मामंजी माझ्या दिशेला बघत होते, आणि एवढी भीती मी आजवर दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांत बघितलेली नाही.

मी रीतभात सोडून दिली. परसातलं ते काळं मडकं चढवलं, पाणी उकळलं, त्यात मीठ टाकलं, तांदळाची पातळ पेज केली आणि समोर बसून वाटीवाटीनं पाजली. सासूबाईंनी हरकत घेतली नाही. त्यांनीच लाकडं आणून दिली. उलटलं की पुन्हा पाजायचं, उलटलं की पुन्हा. दोन दिवस मी हौशाच्या पायांशीच बसून होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं. देताना मी म्हणाले, "शिजवलेलं हाय मामा." त्यांच्याशी मी थेट बोलले ते पहिलंच वाक्य.

पाऊस जोरात लागला आणि रोग ओसरला. माहेरी त्या साली कुणीच गेलं नाही असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तिथंही दोन माणसं गेली. गाडा गेलाच नव्हता, तरी गेली. आई आणि भाऊ वाचले. हे मला हौशानंच कळवलं. मामंजी काठीचा आधार घेत पुन्हा पहिल्यांदा फेऱ्याला गेले त्या संध्याकाळी. "तिची आई तुळशीपाशी उभी व्हती, हौशा. धाकटा ढोरं घिऊन आला. दोन घरांत चूल दिसंना." मग त्याच्या मानेवरून हात फिरवत म्हणाले, "माळवदावरनं लई लांबचं दिसतं. दिसू द्यावं. बोलायचं न्हाय."

माझ्या हातातली पेंडीची पाटी खाली पडली. ह्यांना कसं कळलं हे मला कोडं होतं, आणि विचारायची सोय नव्हती.

मला मुलगा झाला, नंतर मुलगी झाली. मामंजींची भीती मात्र वाढतच गेली. आभाळ गडगडलं की कपाळाला हात लावायचे, हळद लावली होती तिथं. पुढं रझाकारांची धामधूम आली, गावंच्या गावं संध्याकाळनंतर दिवे लावीनात, धडधाकट माणसं वेशीबाहेर पडायला कचरायची. तेव्हाही हे काठी घेऊन निघायचे. यजमान हात धरून अडवायचे, "आबा, नका जाऊ, कुणी गोळी घालील." मामंजी थरथरत म्हणायचे, "व्हय रं, घालतील," आणि जायचे. मला वाटायचं, माणसांपेक्षा ते आता मरीआईलाच जास्त भीत असावेत.

निजामाचं राज्य गेल्यावर एका हिवाळ्यात ते गेले. गोठ्यातच, झोपेत, मनगटाला कासरा तसाच. हौशा म्हातारा झाला होता, तो त्या दिवशी अजिबात हलला नव्हता.

दिवसपाणी झालं आणि पहिल्या मोकळ्या दुपारी शेळी चुकली असं सांगून मी घुंगरांची काठी घेतली. चिंच, चढ, खिंड. खिंडीतून शेळ्यांच्या वाटेनं माथ्यावर. इतक्या वर्षांनी तिच्यापुढं उभं राहायचं होतं.

एका मोठ्या खडकाच्या आडोशाला गाडा होता. वर कापसाच्या पळाट्यांचं छप्पर, दरवर्षी शाकारलेलं दिसत होतं. चारही चाकांना पुढून मागून दगड लावले होते, एवढे मोठे की त्या म्हाताऱ्या माणसानं ते कसे आणले असतील कोण जाणे. मूर्तीच्या अंगावर ताजा खण होता. आणि गाड्यापुढं तीन दगडांची चूल, काळं पडलेलं छोटं मडकं, शेजारी पालथी घातलेली वाटी. म्हणजे तिलाही ते रोज पाणी शिजवून देत होते. ती आजारी पडू नये म्हणून. मला हसू आलं आणि हसता हसताच मी रडायला लागले.

मग माझ्या लक्षात आलं, गाड्याचं तोंड माहेराकडं नव्हतं. ओढ्याकाठच्या गावाकडंही नव्हतं. मी मूर्तीच्या मागं जाऊन बसले आणि ती बघते आहे तिकडं बघितलं. खाली आमचं गाव, आमची गल्ली, आमचं घर. गोठा. आणि गोठ्याला लागून ते माळवद, वर माझी वाळत घातलेली लुगडी. कुणी माळवदावर उभं असतं तर इथून स्वच्छ दिसलं असतं. त्या दिवशी मी दिसले होते. मी बघते आहे हे बघूनही त्यांनी तिचं तोंड तिकडंच केलं होतं, जायचंच झालं तर दुसऱ्या कुणाच्या नको, माझ्याच दाराशी जा, असं तिला सांगितल्यासारखं.

मी चूल पेटवली. खालच्या झऱ्याचं पाणी आणलं, चांगलं उकळलं, निवू दिलं आणि वाटी भरून तिच्यापुढं ठेवली. उतरायला लागले तेव्हा मुद्दाम मागं वळून बघितलं.

खिंडीत थांबले. आईच्या अंगणात भावाची बायको धुणं वाळत घालत होती. डोंगराच्या पाठीमागून, तळ्याजवळून, पूर्ण वळसा घालून चिंचेपाशी आले तेव्हा दिवे लागत होते. घुंगरं वाजली तसे पारावरचे लोक दचकून उभे राहिले. मी खाली मान घालून घरी आले. ओसरीवर यजमान आणि मुलं बसली होती, सासूबाई जपमाळ ओढत होत्या. कुणाशी न बोलता मी गोठ्यात गेले आणि हौशाच्या मानेवर हात ठेवला.

"सगळं हाय तिथंच हाय," मी म्हणाले.